इंग्रजी भाषा आली कुठून, घडली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलीपासून पदवीपर्यंत आपण इंग्रजी शिकतो, पण ही भाषा कुठून आली, तिचं स्पेलिंग असं चमत्कारिक का, तिच्यात इतके फ्रेंच शब्द कुठून शिरले, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजीची धास्ती बसते ती बरीचशी त्यामुळेच, असं मला वाटतं. कारण कळलं की घोकंपट्टी निम्म्यावर येते. शिवाय मराठी माणसाला हा इतिहास समजायला मुळीच जड नाही. तीन लिंगं, विभक्ती, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अशा ज्या गोष्टी इंग्रजीने वाटेत सोडून दिल्या, त्या आपण रोज वापरतो.

इंग्रजी मूळची इंग्लंडचीच ना?

नाही. ती तिथे समुद्रावरून आली. इ. स. ४३ पासून साधारण ४१० पर्यंत ब्रिटनवर रोमन राजवट होती आणि तिथली माणसं केल्टिक भाषा बोलत. आजची वेल्श ही त्याच घराण्यातली. रोमन सैन्य परतल्यावर उत्तर समुद्रापलीकडच्या किनाऱ्यांवरून, म्हणजे आजच्या डेन्मार्क, उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या पट्ट्यातून, अँगल, सॅक्सन आणि जूट या टोळ्या येऊन वसल्या. बीड नावाच्या विद्वान मठवासीने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात हे आगमन ४४९च्या सुमाराचं मानलं आहे. प्रत्यक्षात लोक एकाच वर्षी नव्हे, पिढ्यानपिढ्या येत राहिले. अँगल लोकांवरून ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लंड’ ही नावं पडली. त्यांचा मूळ मुलूख मानला जाणारा भाग उत्तर जर्मनीत आजही अँगेल्न याच नावाने ओळखला जातो.

मग ती लॅटिनमधून निघाली का? लॅटिन शब्द तर ढिगाने आहेत.

शब्द आहेत, पण हाडं लॅटिन नाहीत. इंग्रजी ही जर्मॅनिक शाखेची भाषा. जर्मन, डच, स्वीडिश या तिच्या बहिणी आणि फ्रिझियन सगळ्यांत जवळची. शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन-फ्रेंच मूळचे निघतात, हे खरं. पण रोजच्या बोलण्यात सर्वाधिक येणारे शंभर शब्द काढले तर जवळजवळ सगळे जुन्या जर्मॅनिक मुळाचेच सापडतात. भाषेचं कूळ ठरवताना उसने शब्द मोजत नाहीत. सर्वनामं, अंक, नात्यांची नावं आणि क्रियापदांची घडण पाहतात.

इंग्रजी आणि संस्कृत-मराठीचं नातं आहे, हे खरं की नुसता अभिमान?

खरं आहे, मात्र आपल्याकडे ते अनेकदा चुकीचं सांगितलं जातं. इंग्रजी संस्कृतमधून निघालेली नाही. दोघी एका हरवलेल्या पूर्वजभाषेच्या लेकी. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही. या भाषा एका समान मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ आता कदाचित शिल्लकही नसेल. जर्मॅनिक भाषांचाही त्यांनी त्याच घराण्यात समावेश केला.

पुढे १८२२ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी या साम्यातली शिस्त दाखवली, आणि मला इंग्रजीच्या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. जिथे संस्कृतात ‘प’ तिथे इंग्रजीत ‘फ’: पितृ आणि फादर, पाद आणि फुट. ‘त’च्या जागी ‘थ’: त्रि आणि थ्री. ‘द’च्या जागी ‘ट’: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. ‘भ’च्या जागी ‘ब’: भ्रातृ आणि ब्रदर. ‘ग’च्या जागी ‘क’: गो आणि काऊ. म्हणजे आपला ‘दात’ आणि इंग्रजांचा ‘टूथ’ हा एकच शब्द, दोन वाटांनी आलेला.

आता ‘नो’, म्हणजे जाणणे, हा शब्द घ्या. त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक मुका ‘के’ आहे. शाळेत तो आपण मुकाट्याने पाठ केला. तो ‘के’ म्हणजे ‘ज्ञा’ धातूतल्या ‘ज’चा इंग्रजी जोडीदार. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, तिथलाही मुका ‘के’ संस्कृत ‘जानु’मधल्या ‘ज’शी जुळतो. जिभेवरून तो गेला, कागदावर राहिला.

जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजाला वाचता येते का?

शिकल्याशिवाय नाही. साधारण ११०० सालापर्यंतच्या भाषेला जुनी इंग्रजी म्हणतात. ख्रिस्ती प्रार्थनेची त्या काळची पहिली ओळ आपल्या लिपीत साधारण अशी होईल: ‘फॅडर ऊरे, थू थे एआर्ट ऑन हेओवोनुम.’ म्हणजे ‘आमच्या पित्या, तू जो आकाशात आहेस’. ‘फॅडर’ लगेच ओळखू येतो. ‘थू’ म्हणजे तू. आणि ‘हेओवोनुम’कडे नीट पाहा: ‘हेवन’ या शब्दाला मागून प्रत्यय लागला आहे, अनेकवचनी विभक्तीचा.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘दगड, दगडाचा, दगडाला’ असं आपण म्हणतो, तसंच जुन्या इंग्रजीत ‘स्टान, स्टानेस, स्टाने’ असं चालायचं. लिंगंही तीन होती आणि आपल्यासारखीच अर्थाला न जुमानणारी. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाई या अर्थाचा ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. याच शब्दाचा पुढे ‘वाइफ’ झाला. जर्मन शिकणाऱ्या इंग्रजाला नामांची लिंगं पाठ करताना घाम फुटतो, पण त्याच्या पूर्वजांना ती उपजत येत होती.

या काळातलं सर्वांत प्रसिद्ध काव्य म्हणजे ‘बेओवुल्फ’, ३,१८२ ओळींचं. त्याचं एकुलतं एक हस्तलिखित उरलं आहे, साधारण १००० सालच्या आसपासचं. १७३१ च्या आगीत त्याच्या कडा करपल्या, पण ते वाचलं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मग ती लिंगं आणि विभक्ती गेल्या कुठे?

दोन कारणं एकत्र आली. जर्मॅनिक शब्दांत जोर पहिल्या अक्षरावर पडतो, त्यामुळे शेवटचे प्रत्यय हळूहळू पुसट उच्चारले जाऊ लागले. दुसरं कारण व्हायकिंग, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले दर्यावर्दी. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, ८६५ मध्ये मोठं सैन्य उतरलं आणि पूर्व-उत्तर इंग्लंडचा मोठा पट्टा त्यांच्या ताब्यात गेला. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने ८७८ मध्ये एडिंग्टनला त्यांना हरवलं, म्हणून दक्षिणेत इंग्रजी राज्य टिकलं. याच आल्फ्रेडने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणवले, काही स्वतः भाषांतरित केले असंही मानतात.

लढाया संपल्यावर ही माणसं शेजारी झाली. बाजारहाट, सोयरिका सुरू झाल्या. दोघांच्या भाषा सख्ख्या चुलत बहिणी, शब्दांची मुळं सारखी, प्रत्यय तेवढे वेगळे. अशा वेळी बोलणारा मूळ शब्दावर भर देतो आणि प्रत्यय गिळतो. प्रत्यय झडायला या शेजाराने हातभार लावला, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि मलाही ते पटतं, कारण व्हायकिंगांच्या उत्तरेकडच्या मुलखात हे प्रत्यय दक्षिणेपेक्षा लवकर झडले.

शब्द तर त्यांनी अगदी घरातले दिले: एग, नाइफ, विंडो, स्काय, हजबंड, लॉ, टेक. इतकंच काय, ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच. सर्वनाम उसनं घेणं ही भाषांच्या व्यवहारात फार दुर्मीळ गोष्ट.

आणि सगळेच जुने प्रत्यय गेलेले नाहीत. ‘स्टानेस’मधला ‘एस’ म्हणजेच आजचा षष्ठीचा ॲपॉस्ट्रॉफी-एस. अनेकवचनाचा ‘एस’ही जुनाच, पुल्लिंगी नामांच्या ‘-आस’मधून आलेला. ‘ऑक्सन’, ‘चिल्ड्रन’, ‘फीट’, ‘माइस’ ही न बसणारी अनेकवचनं अपवाद म्हणून पाठ करतात, पण ती जुन्या चालींची उरलेली रूपं आहेत.

१०६६ मध्ये नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. दरबार, न्यायालय, जमीनदारी सारं फ्रेंच बोलणाऱ्यांकडे गेलं. चर्च आणि विद्या लॅटिनकडे होतीच. इंग्रजी उरली शेतात, स्वयंपाकघरात आणि लहान मुलांच्या तोंडी.

राज्यकर्त्यांची भाषा कचेरीत कशी शिरते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अर्ज, फिर्याद, वकील, जमीन, दस्त हे शब्द फारसी राजवटींच्या वाटेनेच आपल्याकडे आले. तसेच इंग्रजीत जज, ज्युरी, कोर्ट, क्राइम, पार्लमेंट, आर्मी हे फ्रेंचमधून आले. एकूण हजारो शब्द. वकिली भाषेत ‘विल अँड टेस्टामेंट’ अशी जोडी दिसते, त्यातला पहिला शब्द मूळ इंग्रजी आणि दुसरा लॅटिन मुळाचा. ‘विचारणे’ यासाठी इंग्रजीत तीन थर आहेत: ‘आस्क’ देशी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. आईला आपण ‘आस्क’ करतो, पोलीस ‘इंटरॉगेट’ करतात.

इतके परके शब्द घेऊन ती मेली कशी नाही?

कारण तिच्यात मुलं वाढत होती. शब्द उसने आले तरी त्यांना चालवणारं व्याकरण तिचंच राहिलं. भाषेला खरा धोका होतो तो तिच्यातून व्यवहार काढून घेतल्यावर, आणि पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत इंग्रजीवर ती वेळ आली होतीच. मराठीत इंग्रजी शब्द किती, याची काळजी करणाऱ्यांनी हा काळ जरूर वाचावा. मला त्यातून वाटतं की शब्दांपेक्षा कामकाज कुठल्या भाषेत चालतं, याकडे लक्ष ठेवणं जास्त महत्त्वाचं.

इंग्रजीला पुन्हा मान कसा मिळाला?

राजा जॉनने १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावली. सरदारांचे फ्रान्सशी असलेले धागे तुटू लागले. मग १३४८-४९ ची प्लेगची महामारी आली, माणसं प्रचंड संख्येने गेली, उरलेल्या कष्टकऱ्यांची किंमत वाढली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषेचीही. १३६२ मध्ये कायदा झाला की न्यायालयात बाजू इंग्रजीत मांडावी, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. गंमत अशी की त्या कायद्याचा मजकूर फ्रेंचमध्येच होता. १३८५ मध्ये जॉन ऑफ ट्रेव्हिसा लिहितो की शाळांतली मुलं आता फ्रेंच सोडून इंग्रजीतून शिकतात.

याच सुमारास कवी जेफ्री चॉसरने लंडनच्या बोलीत ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतलं. तो १४०० साली वारला. तोवर आपल्याकडे ज्ञानेश्वरी होऊन शतक उलटून गेलं होतं. आजच्या मराठी वाचकाला ज्ञानेश्वरी जशी टीपांसह पण हळूहळू उलगडते, तितपतच चॉसर आजच्या इंग्रजाला उलगडतो.

बोलायचं एक, लिहायचं एक, असं का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ‘इंग्रजीला नियम नाहीत’ हे नाही. स्पेलिंग एके काळी उच्चाराप्रमाणेच होतं. सरदार या अर्थाचा ‘नाइट’ हा शब्द चॉसरच्या काळात साधारण ‘क्निख्त’ असा उच्चारला जाई. त्यातला ‘के’ ऐकू येई आणि ‘जीएच’ म्हणजे घशातला ‘ख’ होता.

मग साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. आधी ‘नेम’चा उच्चार ‘नाम’सारखा होता, ‘फीट’चा ‘फेट’सारखा, ‘मून’चा ‘मोन’सारखा, ‘हाउस’चा ‘हूस’सारखा. म्हणजे इंग्रजी ‘ए’, ‘ई’, ‘आय’ ही अक्षरं तेव्हा युरोपातल्या इतर भाषांप्रमाणेच ‘आ’, ‘ए’, ‘ई’ असे आवाज देत.

हे चालू असतानाच छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना थाटला. सरकारी कारकून आणि छापखानेवाले यांच्या हाताने स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, उच्चार मात्र पुढे चालत राहिले. भिंतीवरचं घड्याळ बंद पडावं आणि दिवस पुढे सरकत राहावा, तशी ही स्थिती.

त्यावर विद्वानांनी भर घातली. ‘डेट’, म्हणजे कर्ज, हा फ्रेंच वाटेने ‘बी’शिवाय आलेला शब्द. लॅटिन ‘डेबिटुम’ची आठवण म्हणून त्यात ‘बी’ घुसवला गेला आणि तो कधीच उच्चारला गेला नाही. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आला. तो शब्द मूळ इंग्रजी, पण लॅटिन ‘इन्सुला’चा नातेवाईक समजून त्याला ‘एस’ चिकटवला.

कॅक्स्टनची अंड्यांची गोष्ट काय आहे?

१४९० च्या सुमारास छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने ती स्वतः सांगितली आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने निघाले होते. वारा पडला, म्हणून किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या एकाने एका घरी खायला मागितलं आणि खास करून ‘एग्ज’ मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा तिला कळलं. ‘एग्ज’ हा उत्तरेतला, व्हायकिंगांकडून आलेला शब्द. ‘आयरेन’ दक्षिणेतला, जुना इंग्रजी. कॅक्स्टन विचारतो, आता माणसाने लिहावं तरी काय? पुस्तक साऱ्या देशात खपायला हवं असेल तर एक रूप निवडावं लागतं. प्रमाणभाषा कुठल्या सभेत ठरली नाही. ती अशा रोजच्या अडचणींतून उभी राहिली.

शेक्सपिअरने हजारो शब्द स्वतः तयार केले का?

काही नक्कीच केले, पण जो आकडा सांगितला जातो तो जपून घ्यावा. शब्दकोशांना एखाद्या शब्दाचा सर्वांत जुना लेखी पुरावा त्याच्या नाटकांत सापडला, एवढाच त्याचा बऱ्याचदा अर्थ असतो. जुनी पुस्तकं संगणकावर शोधता येऊ लागल्यापासून असे अनेक शब्द त्याच्याही आधी सापडले आहेत. त्याचं थोरपण शब्दांच्या संख्येवर अवलंबून नाही.

त्या काळची इंग्रजी केवढीशी होती, हे मात्र लक्षात घ्यावं. १५८२ मध्ये रिचर्ड मल्कास्टर या शिक्षकाने लिहिलं की आपली भाषा या बेटापलीकडे पोचत नाही, बेटावरही सगळीकडे नाही. त्याच्या तीनच वर्षं आधी, १५७९ मध्ये, विल्टशरचा थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला होता. त्याने मराठी आत्मसात केली आणि ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. शेक्सपिअरच्या काळातल्या एका इंग्रजाला मराठीची थोरवी ओव्यांतून गावीशी वाटली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवं.

इंग्रजीत ‘तू’ का नाही?

होता. ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. तेराव्या शतकापासून फ्रेंच धर्तीवर एकट्या माणसालाही मानाने ‘यू’ म्हणायची रीत पडली. ती पसरत गेली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘दाऊ’ सर्वसाधारण बोलण्यातून जवळपास गेला. एका माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, कारण ते क्रियापद अनेकवचनीच आहे. इंग्रज आज सर्वांना ‘तुम्ही’ म्हणतो, घरच्या मांजरालासुद्धा.

शुद्ध-अशुद्ध कोण ठरवतं?

फ्रेंचसारखी अकादमी इंग्रजीत कधी झाली नाही. ते काम शब्दकोशांनी केलं. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीचा सुमारे २,५०० अवघड शब्दांचा कोश निघाला, १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा विचार १८५७ मध्ये सुरू झाला, पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम १९२८ मध्ये पुरं झालं. संपादक जेम्स मरे १९१५ मध्येच वारले होते. जगभरच्या स्वयंसेवकांनी चिठ्ठ्यांवर उदाहरणं लिहून पाठवली, त्यावर तो उभा आहे.

अमेरिकन स्पेलिंग वेगळं का?

नोआ वेब्स्टरमुळे. त्याच्या १८२८ च्या कोशाने ‘कलर’मधला ‘यू’ काढण्यासारखी रूपं रुजवली. पण अमेरिकन म्हणजे बिघडलेली इंग्रजी, हा समज चुकीचा. शब्दाच्या शेवटचा ‘आर’ स्पष्ट उच्चारण्याची तिथली पद्धत ही इंग्लंडचीच जुनी पद्धत आहे.

मराठीने इंग्रजीला काही दिलं का?

‘मंगूज’ हा आपला मुंगूस, पोर्तुगिजांच्या वाटेने गेलेला. त्याचा ‘गूस’ या पक्ष्याशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूजेस’ होतं. बोंबलाला इंग्रजीत ‘बमलो’ म्हणतात, तोही मराठीतूनच गेला असं मानतात. भारतातल्या अशा शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ मध्ये निघाला, तो चाळायला फार मजेचा आहे.

उलट दिशेचा व्यवहार आपल्या परिचयाचा. मुंबई १६६१ च्या विवाह-करारातून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये कंपनीकडे गेली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतलं होतं.

अभ्यासाला सुरुवात कुठून करू?

सनावळीपासून करू नका, एका वाक्यापासून करा. समजा, वाक्य आहे: ‘दे टुक द एग्ज फ्रॉम द टेबल अँड पेड द जजेस वाइफ.’ व्युत्पत्ती देणारा कोश घेऊन बसा. ‘दे’, ‘टुक’, ‘एग्ज’ व्हायकिंगांचे. ‘टेबल’, ‘पेड’, ‘जज’ फ्रेंचमधून. ‘द’, ‘फ्रॉम’, ‘अँड’, ‘वाइफ’ आणि षष्ठीचा ‘एस’ जुन्या इंग्रजीतले. एका साध्या ओळीत तीन लोकांच्या वसाहती सापडतात. रोज वर्तमानपत्रातलं एक वाक्य असं सोडवलं तर महिन्याभरात शब्द पाहताच त्याचं कूळ ओळखू येऊ लागतं.

त्यानंतर चॉसरच्या प्रस्तावनेच्या पहिल्या १८ ओळी जुन्या उच्चारात ऐका. अर्थ नंतर, आवाज आधी. मग वरच्या प्रार्थनेकडे या.

मी ब्रिटनमध्ये राहतो. इथे काय पाहता येईल?

रस्त्यावरच्या पाट्या. नदीचं नाव ‘एव्हन’ असेल तर तो केल्टिक शब्द आहे आणि त्याचा अर्थच नदी. ‘मँचेस्टर’, ‘लेस्टर’, ‘लँकेस्टर’ या नावांच्या शेवटी लॅटिन ‘कास्त्रा’, म्हणजे लष्करी छावणी, दडलेली आहे. ‘-टन’ आणि ‘-हॅम’ अँग्लो-सॅक्सन वस्त्यांचे. ‘डर्बी’, ‘व्हिटबी’, ‘ग्रिम्सबी’ यांतला ‘बी’ म्हणजे व्हायकिंगांचं गाव. नकाशा उघडा आणि ‘बी’वर संपणाऱ्या गावांना खुणा करत जा. आल्फ्रेडच्या काळातली व्हायकिंग मुलखाची जुनी सीमा पूर्व आणि उत्तरेत आपोआप उमटते. त्यातही यॉर्कशर आणि लिंकनशर आधी घ्या, तिथे ही नावं सर्वांत दाट आहेत.

यासाठी जर्मन किंवा लॅटिन यायला हवं का?

सुरुवातीला मुळीच नाही. शाळेतलं संस्कृत थोडं आठवत असेल तर ग्रिमचा नियम पटकन बसतो. जुनी इंग्रजी मुळातून वाचायची वेळ आली की मग जर्मनची मदत होईल. तोवर मराठीची विभक्ती पुरेशी आहे.